देवाचा करार आणि आपली माणसे

आमच्या नळदुर्गाची एक रीत बाहेरगावच्या वाचकांस नवलाची वाटेल. येथील मैलारपूरचा खंडोबा आणि शेजारच्या अणदूरचा खंडोबा हे दोन देव नव्हेत. मूर्ती एकच आहे. वर्षातील बहुतेक काळ ती अणदुरास असते आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गास येऊन राहते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते ती याच मुक्कामात. देव एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचा म्हणजे नुसती पालखी निघून भागत नाही. दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसतात आणि देव न्यावयाचा केव्हा व परत पोहोचवावयाचा केव्हा, याचा रीतसर लेखी करार होतो. भक्तीत उणीव आहे म्हणून हा कागद होतो असे कोणी म्हणणार नाही. ज्याचे मोल फार, ते दुसऱ्याच्या स्वाधीन करताना तोंडच्या शब्दावर विसंबू नये, एवढेच त्या कागदाचे तात्पर्य.

हा करार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हांस कळला तो गेल्या वर्षी, आणि तोही एका लाजिरवाण्या प्रसंगाने. प्रसंग आमच्याच घरातला असल्यामुळे सांगताना संकोच होतो. परंतु आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या तोच प्रश्न उभा राहणार आहे. यास्तव संकोच बाजूस ठेवून सांगतो.

आमच्या आत्याबाई बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या आणि पुढील साठ वर्षे या वाड्यातच राहिल्या. घरातील बाळंतपणे, मुंजी, आजारपणे, श्राद्धपक्ष, सारे त्यांच्या हातून गेले. पुढे वाड्यातील माणसे पांगली. एक भाऊ पुण्यास, एक हैदराबादेस, पुढची पिढी तर समुद्रापलीकडे. दोन वर्षांपूर्वी आत्याबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तरी रात्री उठवावयास, बसवावयास सशक्त माणूस हवे. वाड्यात उरलो आम्ही दोघे, तीही साठी उलटलेली. अखेर सर्व भावांच्या विचाराने, दूरच्या एका शहरातील वृद्धनिवासात त्यांस ठेवावयाचे ठरले. रुग्णालय जवळ, जागा स्वच्छ, दरमहाची रक्कम ठरलेली, शिवाय आरंभी भरावयाची मोठी अनामत. आम्ही पैसे भरले आणि पैशांची पावती नीट घडी करून पेटीत ठेवली. त्या घरात आत्याबाई कोणत्या अटींवर राहणार, हे कोठे लिहिले आहे काय, एवढे विचारण्याचे आमच्यापैकी एकासही सुचले नाही.

दर रविवारी दूरध्वनी होई. “बऱ्या आहात ना?” असे आम्ही विचारावे आणि “बरी आहे रे” असे त्यांनी म्हणावे. आठ महिन्यांनी प्रत्यक्ष जाण्याचा योग आला, तेव्हा पाहतो तो आत्याबाईंची वेणी नाही. केस मानेवर कापलेले. चौकशी केली तेव्हा कळले की विंचरण्यास वेळ लागतो म्हणून सगळ्याच बायकांचे केस कापतात. त्यांचा भ्रमणध्वनी कार्यालयात जमा होता आणि रविवारी दहा मिनिटे, सेविका उभी असताना, हाती मिळे. पोथी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कार्यालयात. संध्याकाळी सहाला जेवण आणि आठला दिवे बंद. चष्म्याची दांडी मोडून तीन महिने झालेले. ती दोऱ्याने बांधलेली. येताक्षणी त्यांची सही तीन कागदांवर घेतली होती, त्यांतला एक कोरा होता.

खोलीत, दारात सेविका असताना, आत्याबाई पूर्वीप्रमाणेच “बरी आहे” म्हणाल्या. चाकाच्या खुर्चीतून त्यांस अंगणात नेले, तेव्हा बऱ्याच वेळाने बोलल्या, “अरे, केस कापताना मला कोणी विचारले नाही. पण खरे सांगू? इकडे पाठवतानाही कोणी विचारले नव्हते.”

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

त्या वेणीची हकीकत वाचकांस सांगितली पाहिजे. आत्याबाईंच्या आजीचे केशवपन झाले होते आणि आत्याबाईंनी ते आलवण व ते मस्तक लहानपणी रोज पाहिले होते. त्यांच्यावर तोच प्रसंग आला तेव्हा काळ बदलला होता. तरी गावातील एका वडीलधाऱ्याने ती गोष्ट काढलीच, आणि आमच्या आजोबांनी ती एका शब्दात मोडून काढली. तेव्हा राखलेली वेणी साठ वर्षांनी, कोणाचाही राग नसताना, कोणाच्याही रूढीचा आग्रह नसताना, केवळ सोयीसाठी गेली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगणे भाग आहे. ती संस्था दुष्ट नव्हती. अन्न ताजे होते, औषधे वेळेवर मिळत, अंथरूण स्वच्छ होते. दोन सेविकांनी तीस माणसांचे सर्व करावयाचे, म्हणजे प्रत्येक गोष्ट सोयीने होऊ लागते. आणि सोय वाढत गेली की माणसाची इच्छा आपोआप मागे पडते. क्रौर्य दिसते, त्यावर ओरड होते. सोय दिसत नाही. ती उलट नीटनेटकी वाटते. परक्या छपराखाली दीर्घकाळ राहणाऱ्यांचे हक्क बहुधा या वाटेने जातात.

कित्येक वाचक म्हणतील, “म्हणूनच वडीलधाऱ्यांना घरीच ठेवावे, वृद्धाश्रम हे आपले नव्हेच.” या मताविषयी आम्हांस आदर आहे, परंतु ते पूर्ण खरे नाही. पुण्यात डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह निघाले ते १८६३ साली. आज तेच ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. पंढरपुरास अनाथ बालकांचा आश्रम निघाला तो १८७५ साली. अण्णासाहेब कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला १८९६ साली, आणि तो काढावा लागला तो एकत्र कुटुंबातील विधवांसाठीच. घर हे देखील दीर्घकाळ राहण्याचे ठिकाण होते, तेथेही कित्येकींस कोणी विचारीत नव्हते, आणि तेथे तर तपासनीसही येत नसे. तेव्हा घर चांगले की संस्था चांगली, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. आत राहणाऱ्याला विचारले जाते की नाही, आणि न विचारल्यास त्याची दाद कोठे लागते, हे पाहावयाचे.

आमच्या नळदुर्गातही असे एक घर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. त्यात पोरकी झालेल्या मुलांसाठी समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गास निवास उभा केला आणि त्याचे नाव ठेविले ‘आपलं घर’. नाव साधे आहे. पण परक्या छपराखाली आलेल्या मुलास काय देणे लागते, ते त्या दोन शब्दांत आले. हे छप्पर आपले आहे असे त्याने म्हणावे, आणि आपल्या घरात जसे मागता येते, रुसता येते, नाही म्हणता येते, तसे येथेही यावे.

सगळ्या संस्थांत असे होईल हे केवळ चालकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही, हा अनुभव आपल्या राज्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेतील मृत्यूंची वार्ता वर्तमानपत्रांत आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची आपण होऊन दखल घेतली. त्यानंतर बाहेरची माणसे अशा संस्थांतून जाऊन पाहू लागली, तेव्हा पनवेलजवळील एका संस्थेतील मुलींवर झालेले अत्याचार २०११ साली उघडकीस आले. २०१३ साली सत्र न्यायालयाने दोषींस शिक्षा दिल्या. ज्या मुलींस आपले दुःख धड सांगताही येत नव्हते, त्यांच्या वतीने बोलण्यास बाहेरच्या माणसांस आत पाऊल टाकावे लागले. ते पाऊल पूर्वीच पडते तर काय टळते, हा विचार मन अस्वस्थ करतो.

कायद्याने या अनुभवापासून काही शिकले आहे. लहान मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. तपासणी समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा संस्थेस भेट द्यावयाची. समितीत किमान तीन सभासद, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावयाचा. संस्थेत मुलांच्याही समित्या असाव्यात असे तो कायदा सांगतो. मनोरुग्णांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आहे आणि तो वाचताना आम्हांस गहिवरून आले. रुग्णास साखळदंड घालू नयेत. इच्छा असल्यास त्यास स्वतःचे कपडे घालू द्यावेत. काम करून घेतल्यास त्याचा मोबदला द्यावा. भेटीस येणारे व दूरध्वनी स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा त्यास हक्क असावा. त्याची तक्रार ऐकण्यास पुनर्विलोकन मंडळ असावे. आणि याच यादीत, सक्तीचे मुंडण करू नये, असेही एक वाक्य आहे. आत्याबाईंच्या आजीला जे कोणी दिले नाही, ते आज मनोरुग्णालयातील अनाथ स्त्रीला कायद्याने दिले आहे.

मग वृद्धांचे काय? त्यांच्यासाठी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम आहे. त्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागता येते. तिची मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविता येते. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांची सोय असलेले एक तरी निवास असावे, असेही तो सांगतो. परंतु पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी वृद्धनिवासांची नोंदणी व नियमित तपासणी व्हावी अशी, मुलांच्या संस्थांसारखी, तरतूद या अधिनियमात नाही. ती करण्यासाठी २०१९ साली लोकसभेत दुरुस्तीचे विधेयक आले होते. परंतु ते संमत न होताच २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली. म्हणजे आज अनाथ बालकाच्या निवासात तीन महिन्यांनी कोणी डोकावलेच पाहिजे. आपल्या आजीच्या निवासात डोकावण्याचे काम आपल्याच माथी आहे.

परदेशी असलेल्या आमच्या वाचकांस ठाऊक असेल की अमेरिकेत याच उणिवेवर एक उपाय योजिला आहे. तेथे १९७२ पासून दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठी एक प्रकारचे लोकपाल नेमण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि १९७८ पासून प्रत्येक राज्यात ती व्यवस्था सक्तीची झाली. या लोकपालाच्या हाताखाली पुष्कळसे स्वयंसेवक असतात. ते खोल्यांतून फिरतात, रहिवाशांशी एकांतात बोलतात, आणि तक्रार रहिवाशाच्या संमतीनेच पुढे नेतात. १९८७ सालच्या कायद्याने तेथील रहिवाशांचे हक्क नावानिशी लिहून काढले: एकांत, पत्रव्यवहार, निष्कारण बांधून न ठेवले जाणे, रहिवाशांची व त्यांच्या कुटुंबांची मंडळे. श्रीमंत देश म्हणून हे साधले असे कोणी म्हणेल. एकांतात बसवून दोन प्रश्न विचारण्यास पैसा कितीसा लागतो?

तक्रारीस वाट ठेवणे संस्थेच्याही हिताचे असते. आमच्या किल्ल्यातील पाणीमहाल पाहावयास येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बोरी नदीवरील त्या बंधाऱ्यास नर आणि मादी असे दोन सांडवे ठेविले आहेत. १६१३ साली बांधलेली ती भिंत आज चारशे वर्षांनीही उभी आहे, याचे बरेचसे श्रेय पाण्यास दिलेल्या त्या दोन वाटांना आहे. ज्या वृद्धनिवासात एकही तक्रार येत नाही असे चालक अभिमानाने सांगतात, तेथे आपण जरा अधिक वेळ थांबावे.

आता व्यवहाराचे बोलू. आपले माणूस अशा ठिकाणी ठेवावयाचे झाले, तर पुढील गोष्टी आम्हांस अनुभवाने आवश्यक वाटतात.

पहिली, आणि ती आम्हीच चुकलो, त्या माणसास विचारावे. तो नाही म्हणाला तरी कदाचित दुसरा मार्ग नसेल. परंतु विचारल्यावाचून नेलेले माणूस पहिल्या दिवसापासून गप्प बसावयास शिकते.

दुसरी, नियम लेखी मागावेत आणि करार लेखी करावा. दरमहाच्या रकमेत काय आले व काय नाही, अनामत केव्हा व किती परत मिळेल, आजारपणात कोणास कळवावयाचे, रहिवाशास निघून जावयाचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, हे सर्व त्यात असावे. रहिवाशाची प्रत रहिवाशाजवळच राहू द्यावी.

तिसरी, कोऱ्या कागदावर सही नको. निवृत्तिवेतनाचे पुस्तक, आधारपत्र, बँकेची कागदपत्रे यांचा ताबा कोणाकडे आहे, हे लिहून घ्यावे. एकास दोघे साक्षी असावेत, आणि त्यांत मालमत्तेवर डोळा असलेला कोणी नसावा. हे वाक्य आम्ही आप्तांस उद्देशून लिहीत आहो. लुबाडणूक संस्थेतूनच होते असे नाही.

चौथी, भ्रमणध्वनी, चष्मा, कानाचे यंत्र, दातांची कवळी आणि पोथी या वस्तू माणसाच्या हाताशी असाव्यात. या सामानात मोडत नाहीत. या त्याच्या इंद्रियांप्रमाणे आहेत.

पाचवी, न कळविता भेटीस जावे, आणि भेटीतील काही वेळ एकांतात घालवावा. आपल्या माणसाबरोबर शेजारच्या खाटेवरील माणसाचीही विचारपूस करावी. तिच्याकडे कदाचित कोणीच येत नसेल. घरातील तरुण मुलामुलींनी ही जबाबदारी पाळीपाळीने घ्यावी.

सहावी, दाद कोठे मागावयाची ते ठाऊक असावे. प्रथम संस्थेच्या चालकाकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि बालकांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. स्त्रिया, बालके व दिव्यांग यांस विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. एका पत्राने काय होणार असे कोणी म्हणू नये. १९८१ साली आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातील दुःस्थितीविषयी कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि वर्षानुवर्षे त्या गृहावर देखरेख ठेविली.

असो. आत्याबाईंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच.

अंगणातील त्या बोलण्यानंतर आम्ही दोन दिवस त्या शहरी राहिलो. त्यांस सांगितले, “आत्याबाई, वाड्यात परत चला. रात्रीसाठी बाई ठेवू.” त्यांनी लगेच होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “येथे डॉक्टर हाकेवर आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी रोज पोथी वाचून दाखवीन म्हणत होते. त्यांना दिसत नाही. मी राहते. पण माझ्या अटी लिही.”

आम्ही वही उघडली आणि त्या सांगत गेल्या. पोथी व किल्ली उशाशी. भ्रमणध्वनी हाताशी. रात्री नऊपर्यंत दिवा. केसांना, विचारल्यावाचून, कोणी हात लावावयाचा नाही. कोरा कागद परत द्यावा. तो आमच्यासमोर फाडला. चालकांनी थोडे आढेवेढे घेतले, “मग सगळेच मागतील” असेही म्हटले. पण अखेरीस सही केली. सगळ्यांनी मागावे अशीच आमची इच्छा होती.

शेवटची अट आत्याबाईंनी जरा थांबून सांगितली. “देव पौषात नळदुर्गास येतो ना? त्या वेळी मला पंधरा दिवस घरी न्यावयाचे. तारीख घाल. आणि परत केव्हा पोहोचवणार, तेही घाल.”

तारखा घातल्या. खाली एका बाजूस संस्थेची सही, एका बाजूस आमची, आणि दोहोंच्या वर, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात, त्यांची स्वतःची. यंदाच्या पौषात आत्याबाई ठरल्या दिवशी वाड्यात आल्या. केस अजून खांद्यापर्यंतच आले आहेत. यात्रेच्या दिवशी त्यांनी ओटीवर बसून ते स्वतःच्या हाताने विंचरले, आणि त्यास वेळ किती लागला हे घरात कोणीही मोजले नाही.